माझ्या कपाळावरचं कुंकू

त्या साली कापसाला भाव नव्हता, म्हणून मारेगावकडच्या आमच्या गावाला नागपूरची नटी परवडेना. पण संक्रांतीचं नाटक तर झालंच पाहिजे! नाटकात एक सोशिक सून होती. दारुड्या नवऱ्याचं ताट झाकून ठेवणारी, मार खाऊनही "माझं कुंकू सलामत राहो" म्हणणारी. मंडळींनी माझ्या बिनमिशीच्या तोंडाकडं पाहिलं अन् झालं. पानठेल्यावरची पोरं मला "काय वहिनी?" म्हणू लागली. तोंड लपवायला जागा उरली नाही.

शिकवलं आईनं. बाप आदल्या साली वारलेला. तिनं पेटीतून तिची हिरवी साडी काढली, मला नेसवली, पिना लावल्या. "अबे, ढांगा काहून टाकतं? बाई हायेस तू!" म्हणत पाठीत धपका घालायची अन् हसायची. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. फक्त कुंकवाच्या करंड्याला तिनं हात लावला नाही. "थे तुयं तूच लाव," म्हणाली.

रात्री भारनियमन, म्हणून खेळ दुपारीच लागला. मी रडलो तशा बाया हमसून हमसून रडल्या. नाटक संपलं अन् तिथंच मांडवात हळदीकुंकू सुरू झालं. पाटलीणबाईंनी मला खुर्चीत बसवलं. "अशी सून कोनाले भेटते वं! पयलं कुंकू इलेच लावू!" हशा पिकला. ताट घेऊन त्या बायांमधून निघाल्या. खांबाजवळ आई उभी होती. ताट तिच्या पुढ्यातून गेलं अन् माझ्यापाशी आलं. कपाळाला कुंकू लागलं, ओटीत गहू, बोरं, तिळगूळ पडला. मी पदर पसरून घेतला, आईनं शिकवला तसाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मान खाली घालून लाजल्याचं सोंग करत बसलो, कारण लोक अजून टाळ्या वाजवत होते.

घरी आलो तर आई चुलीपुढं बसलेली. म्हटलं, "माय, तुले वाईट वाटलं काय?"

"नाई रे. बेस रडला तू. मायापेक्षा बेस." मग लाकूड आत सारत म्हणाली, "ताट समोर आलं न, तं मी कपाळ पुढं केलतं. सवयीनं. पाटलीनीनं पाह्यलं बी असन. लाज वाटली बापा मले."

लाज तिला वाटली! साडी अंगावरून कधी उतरते असं झालं, पण पिना पाठीमागं होत्या अन् हात पुरत नव्हता. शेवटी तिच्याकडंच पाठ करून उभा राहिलो. तिनं एकेक पिन काढली, साडीची घडी केली. मग फडका ओला करून माझ्या हातात दिला.

"कपाळ तुयं तूच पूस," म्हणाली.