पाठीमागचा माणूस

एका मंगळवारी माझी बायको वारली. त्यानंतर मी रोज सकाळी बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या बागेबाहेरच्या बाकाच्या पुढच्या कडेवर बसू लागलो.

तिथे एक अमेरिकन यायचा. तिकडे तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये बचावपटू होता. आता इथे प्रशिक्षक होता. भाजीच्या गाडीकडे गाय निघाली की तो हात पाठीमागे बांधून तिच्यासमोर उलटा चालायचा आणि तिला न शिवता रस्त्याच्या कडेला न्यायचा. हात का बांधतो, विचारलं तर म्हणाला, "हाताला बॉल लागला तर पेनल्टी."

एकदा मी त्याला बायकोचं सांगितलं. त्याने विचारलं, "मरण कुठल्या बाजूने आलं?"

"मागून," मी म्हणालो. "कळलंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या बाकामागे हात बांधून उभा राहू लागला.

"अण्णा, माझी कोथिंबीर?" पहिल्याच सकाळी भाजीवाली अक्का ओरडली.

"स्वल्प, थोडं तुम्ही सांभाळा," तो जागचा न हलता म्हणाला. "इथे मागून येणारा माणूस मोकळा सुटलाय."

त्या सकाळी मी पहिल्यांदा बाकाला पाठ टेकली.

पुढे करार संपला आणि तो परत गेला. गाय आता रोज कोथिंबीर खाते. मी अजून पाठ टेकून बसतो.