तरतरीत कुणाला म्हणायचं

काकी गेल्याचा फोन तिच्या मुलानं, दत्तानंच केला. रडता रडताच म्हणाला, "ताय, श्रद्धांजलीच्या बॅनरवर लिवायला दोन शब्द सांग गो. शिकलेली तूच हायस." आमच्या वाडीतली पहिली पदवीधर मी, महाडला कचेरीत कारकून आहे. त्याचा मला अभिमान आहे. मी म्हटलं, "तरतरीत लिही." तो म्हणाला, "तरतरीत पोरांना म्हनतात. म्हातारीला नाय! लोकं हसतील." बॅनरवर 'प्रेमळ' छापून आलं. काकी प्रेमळ होतीच, पण तेवढ्यात ती मावत नाही.

तसं दत्ताचं चुकलं नव्हतं. हाक मारली की उठणारं, विचारलं की पटकन सांगणारं पोर, त्यालाच आपण तरतरीत म्हणतो. काकी मात्र अशा पोराला 'चटपटीत' म्हणून मोकळी व्हायची. तरतरीत हा शब्द ती जपून वापरी. मला तिनं तो लावला, तो मी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नापास होऊन घरी आले तेव्हा. दोन दिवस मी गोधडीतून तोंड काढलं नव्हतं. बाबा म्हणाले, "बास झालं कॉलेज. लगीन लावून टाकू." काकी दारातच बसली होती. "पोर तरतरीत हाय, भावोजी. चार दिस तिला कोनी हाक मारू नका."

"तरतरीत? अगं वैनी, उठत नाय ती!"

"म्हनूनच सांगते."

मी उठले, पुन्हा फॉर्म भरला. पण तो शब्द डोक्यातून गेला नाही. कीव होती, की थट्टा? विचारायचं राहूनच गेलं.

यंदा डोंगरउतारावरची काकीची नाचणी लावायला दत्ता मुंबईहून रजा घेऊन आला, मीही गेले. लावलेली रोपं संध्याकाळपर्यंत माना टाकून आडवी झाली. एक उभं करायला मी वाकले, तर शेजारची सखूवहिनी ओरडली, "ए शिकलेले! हात नको लावू. तुझी काकी कुनाला लावू देत नसं. मुळं धरली की आपली आपन तरतरीत होतात."

मी वाकलेली तशीच राहिले...

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता शेतावर गेले. दत्ता माझ्याआधीच बांधावर येऊन बसला होता, इरलंसुद्धा न घेता, पावसात चिंब. जवळ गेले तेव्हा माझ्याकडे न बघताच हळू म्हणाला, "ताय... उठली गो सगळी."