हानाकाकूंचा कोरडा खाऊ

"हाना गेली रे सकाळी." दामलेकाकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. "सावकाश ये. आता घाई कसली..." त्याला सहा आठवडे झाले.

दामलेकाकांच्या पत्नी हानाकाकू मूळच्या जपानच्या. मराठी सासूबाईंकडून शिकलेल्या, त्यामुळे बोलण्याला पुण्याची धार. २००१ मध्ये माझी नोकरी गेली, व्हिसाचा घोर लागला. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या अपार्टमेंटमध्ये मी तोंड लपवून बसलो होतो, तेव्हा शेजारच्या दारातून रोज चहाला हाक यायची. "रेझ्युमे नंतर. आधी हात धू."

ओट्याशी उभं करून त्यांनी मला जपानी मिठाई शिकवली. तिची वर्गवारी ओलाव्यावरून. नामागाशी म्हणजे ओली, त्याच दिवशी खायची. हान-नामागाशी अर्धओली, काही दिवस टिकणारी. हिगाशी कोरडी, तांदळाचं पीठ आणि साखर लाकडी साच्यात दाबून केलेली, महिनोन्महिने राहणारी. "तुझा उकडीचा मोदक नामागाशी, बत्तासा हिगाशी. कळलं?"

"आणि काकांनी केलेली नारळाची वडी?"

"ती कशातच बसत नाही. तो दगड." काका पेपरमागे हसत.

पुढे नोकरी लागली, घर झालं. २००४ च्या गणपतीला काकूंनी पहाटेपासून खपून एकवीस नामागाशी केल्या. तांदळाच्या पिठाची मऊ पारी, आत लाल डाळीचं पुरण. डबा देऊन त्या गेल्या. एका पाहुणीने विचारलं, "नैवेद्याला हे? अंडं-बिंडं नाही ना यात?" मला ठाऊक होतं. ती डाळ मी स्वतः कितीदा वाटली होती. एक वाक्य पुरलं असतं. मी "बघू नंतर" म्हणालो आणि डबा फ्रिजमध्ये सारला.

दुसऱ्या दिवशी काकू डबा न्यायला आल्या. "सगळ्यांना फार आवडलं," मी म्हणालो. पाणी घ्यायला त्यांनी स्वतःच फ्रिज उघडला... एक नामागाशी उचलली, बोटाने दाबून पाहिली. कडक झाली होती. त्यांनी ती परत ठेवली. झाकण लावलं.

त्यानंतर माझ्याकडे फक्त हिगाशी यायची. नेमाने, सुंदर कागदात बांधून, पण टिकणारी. त्याच दिवशी खायचं काही माझ्या हाती द्यावं, एवढा भरवसा उरला नव्हता. दोन वर्षं मीही गप्प राहिलो.

यंदा जूनमध्ये त्यांचा फोन आला. "आजच ये. उद्या चालणार नाही." आजाराने हात थरथरत होते. बशीत एकच नामागाशी, जराशी वाकडी.

"काकू, त्या गणपतीला मी..."

"आधी खा. वाळतेय."

खाल्ली. माझे डोळे भरले, तर म्हणाल्या, "काय रे, गोड कमी पडलं?" माझं वाक्य मात्र अर्धंच राहिलं.

त्या गेल्यावर काकांनी हिगाशीचा शेवटचा डबा मला दिला. परवा गणपती बसले. तीच पाहुणी आली होती. ताट पुढे करण्याआधी मी सगळ्यांना सांगितलं, "हे हानाकाकूंनी केलेलं. दोन वर्षांपूर्वीही त्यांनी केलं होतं. मी लपवलं." पाहुणीने एक तोंडात टाकली, विरघळू दिली. "अजून एक घेऊ?"

डबा आता निम्मा आहे. अजून महिनोन्महिने टिकेल. पण मी टिकवणार नाही. आज संध्याकाळी काकांकडे नेतोय, चहाबरोबर संपवायला.