सकाळी मेलेलं, दुपारी जिवंत

किरिंदीच्या जंगलालगतच्या आमच्या गावात महावेलू नावाचा मध काढणारा आहे. माणूस गुणी, पण झोपेचा भारी लाडका. पोळ्याखाली धूर केला की माश्या पांगेपर्यंत तो तिथेच आडवा व्हायचा. माश्या परत येऊन बसल्या तरी याला जाग नाही.

एका कोरड्या हंगामात त्यानं मधमाश्यांसाठी पोकळ ओंडका घरी आणला. आत माकडाच्या दूरच्या नात्यातला एक मूठभर लेमूर निघाला. अंगाचा गोळा केलेला, शेपूट वांग्यासारखं फुगलेलं, आणि हाताला गारेगार.

"मेलंय," त्याची बायको हाइंगो म्हणाली.

"झोपलंय. पाऊस येईपर्यंत झोपतं ते. शेपटीतल्या चरबीवर जगतं."

"तू कशावर जगतोस? तुला तर शेपूटही नाही."

हाइंगोच्या माहेरी या जनावराला इजा करणं निषिद्ध. घरात मेलंच, तर माणसासारखं पुरायचं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळीच महावेलूच्या सासूबाई वुआहिराना पांढरं कापड घेऊन हजर. ओंडक्यापाशी बसून त्यांनी रीतसर गळा काढला. शेजारणी जमल्या, भात शिजला. दुपारी गुंडाळायला म्हणून त्यांनी आत हात घातला, तर अंग कोमट.

"जावईबापू, हे जिवंत आहे हो."

"मग मी काय सांगत होतो, आई?"

सगळे भात खाऊन घरी गेले. पुढच्या सकाळी ते पुन्हा दगडासारखं गार, आणि सासूबाई पुन्हा कापड घेऊन दारात. झोपेत त्या जनावराला स्वतःची ऊब नसते; हवा तापली की तेही तापतं. महावेलूनं हे कळवळून सांगितलं, पण झोपेच्या बाबतीत त्याची साक्ष कोण खरी धरणार?

शेवटी गावातले वडीलधारे लाहिमानाना म्हणाले, "श्वास बघू."

सगळे गोल करून बसले. पोट हलेना. कुणी तंबाखू चघळली, कुणी कोंबड्या हाकलून आलं. अखेर वुआहिरानांनी हंबरडा फोडायला छाती भरून घेतली, आणि त्याच क्षणी लेमराचं पोट हललं. निम्म्यांनी पाहिलं. निम्मे वुआहिरानांकडे बघत होते. भांडण जुंपलं.

"काका, तुम्ही सांगा."

"माझा जरा डोळा लागला होता," लाहिमानाना म्हणाले.

ठरलं असं, की ओंडका महावेलूनं आणला, तेव्हा राखणही त्यानंच करायची. आणि आश्चर्य म्हणजे त्यानं ती केली. ओंडका चिंचेला टेकवून तो शेजारी रात्रंदिवस जागत बसून राहिला. मांजर हाकललं, साप हाकलला, सासूबाईंना दुपारी या म्हणून विनवलं. लेमराचं शेपूट बारीक होत गेलं, तसा तोही. गालफडं बसली. हाइंगो त्याच्या भातावर मासळीचा एक तुकडा जास्त ठेवू लागली.

मग हवा दमट झाली, ढग आले. एका तिन्हीसांजेला लेमूर बाहेर आला, जांभई दिली, आणि महावेलूच्या खांद्यावरून चढून चिंचेवर निघून गेला. महावेलू घोरत होता.

जाग आल्यावर त्यानं रिकाम्या ओंडक्यात हात घातला आणि लहान पोरासारखा रडला.

"गेलं ते," हाइंगो म्हणाली. "चांगलं टुणटुणीत गेलं. मी पाहिलं."

"मला उठवलं का नाहीस?"

"किती महिन्यांनी झोपला होतास. नाही उठवावंसं वाटलं." मग ती नाक धरून जरा मागे सरकली. "आधी खांदा धुऊन ये. जाताना आपली हद्द आखून गेलंय."