तीन लाल पट्ट्या

इमारतीत तिला सगळे वायरमनबाई म्हणत. वडील वायरमन, घरात मुलगा नाही, म्हणून शिडी धरायला हीच. धरता धरता एक दिवस ती शिडीवर चढली आणि मग उतरलीच नाही. लग्नानंतर सासूने या कामाला नाक मुरडलं होतं. पण भर उन्हाळ्यात सासूच्याच खोलीतला पंखा बंद पडला, सुनेने चहा उकळेपर्यंत तो फिरता केला, आणि मुरडलेलं नाक आपोआप सरळ झालं.

कुणाकडेही गेली की बसण्याआधी ती रिकाम्या खोलीतला दिवा बंद करायची. फ्रिजच्या दारात कागदाचा तुकडा अडकवून ओढून पाहायची. तो सहज निघून आला की रबर बदला म्हणून मागे लागायची. लोक हसत आणि रबर बदलत.

गच्चीवर सगळ्यांनी मिळून सौर पॅनल बसवावेत, ही गोष्ट मात्र लोकांच्या गळी उतरवायला तिला दारोदार फिरावं लागलं. एकाला ते वाऱ्याने उडतील अशी भीती, दुसऱ्याला गच्ची गळेल अशी. तिची स्वतःची भीती वेगळीच होती. पॅनल धुवायला माणसं वर जाणार, त्यांच्या मागे मुलंही जाणार. म्हणून आधी कठडा उंच करून घेतला, गच्चीच्या दाराला वरच्या बाजूला कडी लावली, आणि मगच पॅनल चढू दिले.

सर्वांत अवघड होती तिची थोरली जाऊ. तळमजल्यावर जाऊबाईंचं शिवणकाम चालायचं. मोटारीवरची चार मशीनं, त्यावर चार बायका, आणि शाळेच्या गणवेशांची मोठी मागणी. रोज दुपारी वीज जायची. मागच्या बोळात डिझेलचा जनरेटर होता म्हणूनच हा धंदा टिकला होता. त्याचा धूर पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांत शिरायचा आणि तिथलं लहान पोर खोकून बेजार व्हायचं, हेही जाऊबाईंना ठाऊक होतं. ‘जनरेटर विकून टाका, दुपारी मशीनं उन्हावर चालतील, शब्द देते,’ असं वायरमनबाई म्हणाली, तेव्हा त्यांनी हातातला सदरा आधी पुरा केला. मग जनरेटरला गिऱ्हाईक ठरवलं. रविवारी टेंपो येणार होता.

आणि त्याच आठवड्यात सगळं बिनसलं.

महिनाभर वायरमनबाईने एकच पाठ पढवला होता: ऊन डोक्यावर असेल तेव्हा जड कामं काढा. लोकांनी तो इतका मनावर घेतला की ऊन डोक्यावर येताच प्रत्येक घरात कपड्यांचं मशीन लागलं, इस्त्र्या तापल्या, कुणी टाकीचा पंप सुरू केला. आधी पहाटे नाहीतर रात्री होणारी कामं एका तासात गोळा झाली. तेवढ्यात बाहेरची वीज गेली. सगळा भार पॅनलच्या एकट्या इन्व्हर्टरवर आला, तो दोनदा चिरकला आणि बंद पडला. तळमजल्यावर सुई कॉलरमध्येच अडकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

जाऊबाईंनी आरडाओरडा केला नाही. अर्धी कॉलर लटकणारा एक सदरा आणून त्यांनी धाकट्या जावेच्या टेबलावर ठेवला.

“शाळा उघडायच्या आत हे सगळं जायला हवं. रविवारपर्यंत तुझा सूर्य नीट चालला तर ठीक. नाहीतर टेंपो रिकामा परत पाठवीन. आपलेच दात नि आपलेच ओठ, म्हणून इतकं थांबले.”

वायरमनबाई पुन्हा दारोदार फिरली. प्रत्येकाचं उत्तर एकच, तुम्हीच तर सांगितलंत. आणि प्रत्येकाला वाटे, आपल्या एका मशीनने असं काय होणार? मजल्यांप्रमाणे वेळा ठरवून पाहिल्या. पण कुणाची धुणेवाली उशिरा यायची, कुणाचं बाळ नेमकं तेव्हाच झोपायचं. वेळा पहिल्याच दिवशी मोडल्या.

त्या संध्याकाळी ती शिवणाच्या खोलीत नुसती बसून राहिली. तिथे मोठी कात्री एकच होती. जिच्या हातात ती असे ती कापड कापी, बाकीच्या तोवर काजं-बटणं करत. कुणी कुणाला विचारत नव्हतं. वायरमनबाई पाहत राहिली आणि मग तिने अस्तराच्या लाल कापडातून तीन पट्ट्या कापून मागितल्या. शिवणाची मशीनं चालू असताना आणखी तीनच जड यंत्रं चालू शकत होती, चौथं लागलं की इन्व्हर्टर बसणार.

जिन्याच्या वळणावरच्या खिळ्याला पट्ट्या टांगल्या. पट्टी न्या, आपल्या दाराला बांधा, काम झालं की परत आणा. खिळा रिकामा असेल तर थांबा. पंपालाही हाच नियम. पहिल्या दिवशी बायका पट्टीसाठी जिन्यात गप्पा मारत थांबल्या आणि तळमजल्यावरची मशीनं दुपारभर थांबली नाहीत.

दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर पुन्हा चिरकला. जाऊबाई हातातलं काम टाकून स्वतः जिना चढल्या. पाहतात तो चार दारांना चार लाल पट्ट्या. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त गुरुजी राहत. त्यांच्या दारावरची पट्टी जाऊबाईंनी बोटांत चुरगळून पाहिली.

“गुरुजी, ही माझ्या ताग्यातली नाही.”

गुरुजी म्हणाले की लाल म्हणजे लाल.

“जुन्या उशीचा अभ्रा आहे हा. मुलांना नक्कल केल्यावर काय शिक्षा करत होतात?”

जिन्यातल्या बायका फिस्सकन हसल्या. गुरुजींनी गुपचूप मशीन बंद केलं, आणि पुढे कुणाची पट्टी किती वेळ अडकली यावर तेच सर्वांत कडक नजर ठेवू लागले. जाऊबाई खाली येऊन पुन्हा मशीनवर बसल्या.

रविवारी टेंपो आला. चालक बोळात उभा राहून जनरेटर न्यायचा की नाही ते विचारू लागला. वायरमनबाई दारात उभी होती, तिला पुढे जाववेना. जाऊबाईंनी जनरेटरवरची ताडपत्री ओढून काढली, तिची घडी घातली आणि चालकाला सांगितलं, “उचल.” मग धाकट्या जावेकडे वळून म्हणाल्या, “पुन्हा बंद पडलं ना, तर माळ्यावर पायाचं मशीन आहे. तुलाच बसवीन त्यावर.”

“बसवा,” वायरमनबाई म्हणाली आणि टेंपो मागे घ्यायला जागा व्हावी म्हणून बोळातल्या सायकली बाजूला करू लागली.