गोलच्या खांबांना पोळ्याचं तोरण

जानेफळच्या उकंडरावांनी बालाघाटकडे मँगनीजच्या खाणीत मुकादमी केली, पुढे स्वतःच्या खाणी घेतल्या आणि केस पिकू लागल्यावर चार पैसे गाठीला बांधून गावी परतले. आल्याआल्या विहीर बांधून दिली, मुलींची शाळा काढली. गावानं ते सगळं हात जोडून घेतलं. फुटबॉलचं मात्र कोणाला काही उमगेना. खाणीवरच्या मजुरांचा खेळ पाहून त्यांना हे वेड लागलेलं. गावाबाहेरचं आपलं वावर त्यांनी सपाट केलं, हरळी लावली, जिल्ह्याचा संघ उभा केला आणि त्याचे चिटणीसही स्वतःच झाले.

नागपूरच्या मंडळाची मान्यता मिळाली तरच पोरांना वऱ्हाडाबाहेर खेळता येणार होतं. त्यासाठी नागपूरकर सामना खेळायला आणि मैदान पाहायला यायचे होते. तारीख त्यांनीच ठरवली. ती नेमकी पोळ्याची कर, सणाचा दुसरा दिवस. उकंडराव म्हणाले, बरंच झालं, गर्दी होईल.

पोळ्याच्या दिवशी पाहुण्यांची सोय लावून ते मैदानावर आले, तर गोलच्या आडव्या दांडीला आंब्याच्या पानांचं तोरण, पुढे वाजंत्री आणि गावचे बैल एकमेकांना खेटून उभे. सकाळीच सर येऊन गेलेली. हरळी खुरांखाली पार चिखलात गेली होती.

हे काय करून ठेवलं, असं त्यांनी शेषराव पाटलांना विचारलं. पाटलांना प्रश्नच कळला नाही.

"काऊन? दरसाल तोरण बांधाले आमी बल्ल्या शोधत फिरतो. विहीर देल्ली, शाळा देल्ली, आता पोयाची सोय केली, असंच समजला गाव."

"गोलचे खांब हायेत ते, पाटील."

"मंग बैल गोलातूनच तं जाऊन राह्यले."

उकंडरावांनी तोरण सोडायला हात वर केला. पाटलांनी तो धरला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथल्या गोललाही तोरण होतं. त्याखाली उत्तमरावांचे बैल. तोरणाखालून आधी बैल नेण्याचा मान कोणाचा, यावरून पाटलांच्या आणि उत्तमरावांच्या घरांत बापजाद्यांपासून काठ्या निघत. यंदा तोरणंच दोन झाली आणि भांडण मिटलं.

"आता सोडता? सोडा मंग," पाटील म्हणाले.

उकंडरावांनी हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी नागपूरकरांनी सामना न खेळता मैदानाच्या कडेनंच फेरी मारली, पोटभर जेवले आणि पुढच्या साली पाहू म्हणाले.

पुढच्या साली मान्यता मिळाली. पण त्याआधी उकंडरावांना गावाच्या दुसऱ्या अंगाला पोळ्याच्या तोरणांसाठी सागवानी खांबांच्या दोन चौकटी उभ्या करून द्याव्या लागल्या. कपाळाला आठ्या घालून त्यांनी दिलेलं दान तेवढंच.