तुरटीची जागा

जव्हारच्या स्टँडवर तो मोखाड्याला सवाऱ्या नेणाऱ्या आपल्या जीपच्या बाजूच्या आरशात बघून दाढी करतो. गाडी भरली तरी त्याला घाई नसते. कुणी हाक मारलीच तर फेसाच्या तोंडाने म्हणतो, "बसा. मोखाडा पळून नाय जात." मग तुरटी गालावरून फिरवायची, खांद्यावरच्या फडक्याने कोरडी पुसायची आणि पुढच्या काचेपाशी बाटल्यांच्या झाकणांवर ठेवायची, म्हणजे खालूनही वारा लागतो. बाकीच्यांच्या जीपमध्ये त्या जागी देव असतो. त्याची तुरटी वर्षभर पुरते.

परवा पुढच्या सीटवर पाणी योजनेचे साहेब बसले होते. त्याच्याच पाड्यावरच्या बायका मागून नळाच्या गढूळ पाण्याबद्दल सांगायला लागल्या. साहेबांनी समोरची तुरटी उचलली. "एवढ्यासाठी तक्रार? ही हंड्यात फिरवायची, झालं."

त्याने जीप कडेला घेतली. साहेबांच्या हातातून तुरटी काढली, पुसली, जागेवर ठेवली.

"ही माझ्या दाढीची. पाण्याचं तुमी बघायचं."

मग सीटखालून एक बाटली काढली. कचेरीत दाखवायला त्याच नळावर भरून आणली होती. पाणी चहाच्या रंगाचं. बाटलीच्या तोंडातला चिंधीचा बोळा उपसून त्याने ती साहेबांच्या हातात दिली.

साहेब म्हणाले, "अरे, हिचं झाकण?"

त्याने हनुवटीनेच दाखवलं. "तुरटीखाली. ऱ्हाऊ दे, वल लागेल तिला."

मोखाड्यापर्यंतची सगळी वळणं साहेबांनी ती उघडी बाटली दोन्ही हातांनी धरून काढली. एरवी सावकाश चालवणारा माणूस, त्या दिवशी मात्र एकाही वळणावर ब्रेक लावत नव्हता.